शाळेत मुलंच मुलाला छळतात तेव्हा कायदा कुठे असतो?

सुदामानगरची_आई

नमस्कार मंडळी. मुलगा सातवीत आहे, इंदूरमधल्याच एका सीबीएसई शाळेत. दिवाळीनंतर व्हॅनमधली तीन मुलं त्याच्या मागे लागली आहेत. डबा उघडून भाजी खिडकीबाहेर टाकायची, आडनाव वाकडं करून ओरडायचं, गृहपाठाची वही गायब करायची. आता वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच्या फोटोची स्टिकर्स फिरतात. हात कोणी उगारलेला नाही, त्यामुळे शाळेचं उत्तर ठरलेलं: "मॅडम, बच्चे हैं, हो जाता है." वर्गशिक्षिकेने चौघांना बोलावून हात मिळवायला लावले. दुसऱ्या दिवसापासून व्हॅनमध्ये त्या हात मिळवण्याचीच नक्कल सुरू झाली. सकाळी पोट दुखतं म्हणून तो उठतच नाही.

शिक्षकाने मारलं तर कायदा आहे, एवढं मला ठाऊक आहे. पण मुलांनीच मुलाला छळलं तर? आपल्या मध्य प्रदेशाचा असा काही कायदा आहे का? माझं मत विचाराल तर राज्याने स्वतंत्र कायदा करायलाच हवा. फी किती वाढवायची यावर कायदा होऊ शकतो, तर यावर का नाही?

पोह्यांवर_सेव

ताई, पहिलं म्हणजे लेकराला सांगा की अख्खं इंदूर त्याच्या बाजूने आहे. आणि तुमच्या हातची भाजी फेकून देणाऱ्यांना आमच्याकडे पाठवा, पंगतीत बसवून आग्रहाने वाढू. बाकी जाणकार बोलतीलच, मी वाचतोय.

मल्हारगंज_वकील

ताई, नीट लिहितो, कारण हा प्रश्न माझ्याकडे बरेच पालक घेऊन येतात.

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई. पण कारवाई सेवा नियमांनुसार व्हायची असते, म्हणजे रोख कर्मचाऱ्यांवर. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७५: मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने क्रूरपणे वागवलं किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष केलं तर शिक्षा. हाही मोठ्या माणसांसाठीच. मुलाने मुलाला चिडवणं, एकटं पाडणं, यासाठी शाळांवर वेळेची मुदत घालणारं केंद्राचं कलम नाही.

तुमच्या कामाचं आहे ते सीबीएसईचं ९ मार्च २०१५ चं परिपत्रक. शाळांमधली दादागिरी आणि रॅगिंग रोखण्यासाठीच ते काढलेलं आहे. प्रत्येक संलग्न शाळेत एक समिती हवी: उपप्राचार्य, एक ज्येष्ठ शिक्षक, शाळेचा डॉक्टर, समुपदेशक, पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, व्यवस्थापनाचा प्रतिनिधी, कायद्याचा जाणकार आणि काही विद्यार्थी. समज देण्यापासून निलंबनापर्यंतचे उपायही त्यात आहेत. आता शाळेला एकच प्रश्न विचारा, तोही लेखी: आपल्याकडे या समितीवर कोण कोण आहे?

तोंडी विचारू नका. तोंडी प्रश्नाला चहा मिळतो, उत्तर मिळत नाही.

छत्रीबाग_८७

वकीलसाहेब, परिपत्रकं तर ढीगभर असतात. मी माझा अनुभव सांगतो. आठवीत मलाही असंच चालू होतं. चुलतभाऊ म्हणाला, भिया, एक ठेवून दे. दिली ठेवून. प्रकरण तिथेच संपलं. ताई, पोराला ज्युदो-कराटेला घाला, समितीची वाट बघत वर्ष जाईल.

समुपदेशक_ताई

छत्रीबाग, तुमचं संपलं याचा आनंदच आहे. पण तुमच्यासमोर एक होता, इथे तिघं आहेत. उलट हात उचलला की शाळेच्या नोंदीत दंगेखोर म्हणून नाव कोणाचं जाईल? ज्याने मारलं त्याचं. स्टिकर करणाऱ्याचं नाही.

मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते, म्हणून हात मिळवण्याबद्दल बोलायलाच हवं. नॉर्वेमध्ये डान ओल्वेउस यांनी या विषयाचा पाया घातला. १९८२ मध्ये तिथे तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि १९८३ पासून देशभर शाळांमध्ये मोहीम सुरू झाली. त्यांच्या मांडणीत तीन खुणा आहेत: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि दोन्ही बाजूंची ताकद असमान. तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची. बरोबरीच्या दोघांचं भांडण असेल तर समोरासमोर बसवून मिटवता येतं. ताकद असमान असताना समोरासमोर बसवलं की ज्याला त्रास होतोय त्याला सगळ्यांदेखत आणखी एकदा हरावं लागतं. ताईंच्या मुलाचं नेमकं तेच झालं. शिक्षिकेचा हेतू चांगला असेल, पण पद्धत चुकीची होती.

तिघांशी वेगवेगळं बोलायचं, एकत्र नाही. मुलाशी वेगळं. आणि व्हॅनमधली बाकीची मुलं, जी नुसती बघतात किंवा हसतात, त्यांच्याशीही बोलायचं. हसणारे थांबले की या खेळातली मजा जाते.

पोटदुखीकडे मात्र लगेच लक्ष द्या. डॉक्टरांना दाखवा आणि त्यांना हे सगळं सांगा. रात्री-बेरात्री तुम्हाला किंवा त्याला कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे. मुलांसाठीची १०९८ ही सेवाही चोवीस तास चालते.

रामबागचे_गुरुजी

मी सरकारी शाळेत आयुष्य घालवलं, आता निवृत्त आहे. आम्हा शिक्षकांची बाजू इथे कोणी मांडत नाही, म्हणून लिहितो.

पन्नास-पन्नास मुलांचा वर्ग. त्यात जनगणना, निवडणूक, मतदार यादी, लसीकरण, सगळी कामं मास्तरांकडे. कलम १७ आलं त्याचं मी स्वागतच केलं, छडी जायलाच हवी होती. पण छडी गेली आणि तिच्या जागी काही आलं नाही. समुपदेशक आला नाही, प्रशिक्षण आलं ते एका दुपारचं, तेही भाषण ऐकून सही करण्यापुरतं. आज नवा कायदा केलात तर त्याचं काय होईल ते मला स्पष्ट दिसतं: एक रजिस्टर येईल, ते मास्तरने भरायचं आणि तपासणीच्या दिवशी दाखवायचं. मुलगा व्हॅनमध्ये तसाच रडत बसेल.

कायद्याला माझा विरोध नाही. माणसं न देता येणाऱ्या कायद्याला आहे.

एडिसनकर

जन्म तुकोगंजचा, आता न्यू जर्सीत, दोन मुली इथल्या सरकारी शाळेत. विषय राज्यांच्या कायद्याचा निघाला म्हणून लिहितो, कारण अमेरिकेत हा विषय राज्यांकडेच आहे. शाळेतल्या छळावर केंद्राचा स्वतंत्र कायदा तिथेही नाही. १९९९ मध्ये जॉर्जियाने पहिला कायदा केला, मग एकेक राज्य येत गेलं, आणि २०१५ मध्ये मोंटानाने केल्यावर पन्नासही पूर्ण झाली. सगळे सारखे नाहीत. जॉर्जियात सहावी ते बारावीच्या मुलावर एका वर्षात तिसऱ्यांदा आरोप सिद्ध झाला की त्याला वेगळ्या शाळेत पाठवतात.

न्यू जर्सीचा २०११ चा कायदा मात्र बराच तपशीलवार आहे. आदल्या वर्षी रटगर्स विद्यापीठातल्या टायलर क्लेमेंटी या विद्यार्थ्याने आत्महत्या केली होती. त्याच्या खोलीतल्या सोबत्याने वेबकॅमने त्याच्यावर पाळत ठेवली होती. त्यानंतर हा कायदा झाला. प्रत्येक शाळेत या कामासाठी नेमलेली एक व्यक्ती असते. शिक्षकाला काही दिसलं किंवा कळलं तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना तोंडी सांगायचं आणि दोन शाळेच्या दिवसांत लेखी द्यायचं. चौकशी एका दिवसात सुरू आणि दहा दिवसांत पूर्ण. पालकांना निष्कर्ष लेखी मिळतो, मान्य नसेल तर शिक्षण मंडळापुढे सुनावणी मागता येते. शिवाय शाळेला यावर गुण मिळतात आणि ते शाळेच्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर लावावे लागतात.

गुरुजींना जे दिसतंय ते इथेही घडतं बरं का. सुरुवातीला शाळा कागदांत बुडाल्या. खेळातली धक्काबुक्कीही चौकशीत जाऊ लागली. पण धाकटीच्या वेळी मला एक फरक जाणवला: "हो जाता है" म्हणायची मुभा कोणालाच नव्हती. घड्याळ सुरू झालं होतं. दहाव्या दिवशी माझ्या हातात कागद होता.

पोह्यांवर_सेव

दहा दिवसांत कागद! एडिसनकरदादा, त्या कागदाची एक प्रत इकडे पाठवा, राजवाड्यावर फ्रेम करून लावू.

रामबागचे_गुरुजी

एडिसनकर, तुमच्याकडे त्या कामासाठी नेमलेली व्यक्ती आहे, हाच सगळा फरक आहे. आधी माणूस, मग मुदत. उलटं केलं तर मुदत पाळण्यासाठी खोट्या तारखा टाकल्या जातील. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मल्हारगंज_वकील

मुदत आपल्याकडेही आहे, पण ती बघा केवढी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो. सातवीतल्या मुलाचे तीन महिने म्हणजे जवळपास एक सत्र. त्याच्या वर राज्याचा बाल हक्क संरक्षण आयोग, भोपाळला. एडिसनकरांचे दहा दिवस आणि आपले तीन महिने, राज्याच्या कायद्याने हेच अंतर भरून काढावं असं मला वाटतं. शिक्षा वाढवून काही होणार नाही.

विजयनगर_ममा

हे लिहू की नको असं सकाळपासून चाललं होतं. आमचं प्रकरण दुसऱ्या बाजूचं आहे. माझ्या मुलाविरुद्ध तक्रार झाली होती. सहावीत होता. एका मुलाला तो आणि त्याचे मित्र त्रास द्यायचे. तक्रार खरी होती. शाळेने चार दिवसांत टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, हातात ठेवला. त्याच्याशी एकदाही कोणी बोललं नाही. त्याने असं का केलं, कोणाकडून शिकला, त्या मुलाला काय वाटलं असेल, काहीच नाही. तो काय शिकला? की मोठ्यांची ताकद जास्त असली की ते लहानांना बाहेर फेकतात. नव्या शाळेत पहिले सहा महिने तो तसाच वागला. नशिबाने तिथे एक पीटीचे सर भेटले. त्यांनी त्याला कबड्डीच्या संघात घेतलं, आणि रोज संध्याकाळी ज्युनिअर मुलांचा सराव घेण्याची जबाबदारी दिली. तिथून बदल झाला.

ताई, तुमच्या मुलाचा त्रास आजच थांबला पाहिजे, यात दुमत नाही. पण कायदा करताना त्या तिघांना बाहेर काढणं हा शेवट मानू नका, एवढीच विनंती.

समुपदेशक_ताई

ममा, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. हे बाहेर फेकणं शून्य सहनशीलता या नावाखाली चालतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या कार्यगटाने २००८ मध्ये याचा आढावा घेतला. अशा धोरणांनी शाळा सुरक्षित होतात याला आधार सापडला नाही. मूल बाहेर जातं, वागणं बरोबर घेऊन जातं.

मल्हारगंज_वकील

आणि ममा, तो टीसी कायद्यातही बसत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६: प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने नापास करण्याची वाट उघडली, काढून टाकण्याची नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्याबाहेर आहेत, तेवढा अपवाद. सीबीएसईच्या परिपत्रकात अगदी अपवादात्मक प्रसंगी काढून टाकण्याची तरतूद आहे, पण परिपत्रक कायद्याच्या वर जात नाही. स्वेच्छेने नेतोय असं पालकांकडून लिहून घेऊन टीसी देतात, तीच त्यातली पळवाट. तसं लिहून देऊ नका, कोणत्याही बाजूचे असा.

छत्रीबाग_८७

बरं, कराटे राहू दे. पण स्टिकर्सचे स्क्रीनशॉट तर आहेत ना? नावासकट फेसबुकच्या इंदूर ग्रुपवर टाका, संध्याकाळपर्यंत शाळा हात जोडून दारात उभी राहील. आजकाल तेच चालतं.

मल्हारगंज_वकील

ताई, हे अजिबात करू नका!

बाल न्याय कायद्याचं कलम ७४. चौकशीत आलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे, मग तो त्रास देणारा असो, सोसणारा असो की साक्षीदार. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्क्रीनशॉट जपून ठेवा, तारीख दिसेल असे, पण ते जायचे फक्त अर्जाबरोबर.

पोलिसांचंही सांगून टाकतो, कारण रागाच्या भरात पालक थेट ठाण्यात जातात. २०१६ च्या नियमांप्रमाणे अठराच्या आतल्या मुलावर एफआयआर फक्त अतिगंभीर गुन्ह्यात किंवा मोठ्यांच्या साथीने केलेल्या गुन्ह्यात होतो. बाकी वेळी रोजनाम्यात नोंद आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल. तेच योग्य आहे. मात्र छळाला लैंगिक रूप असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागतो, आणि मग पोलिसांना न कळवणं हाच शाळेचा गुन्हा ठरतो.

सयाजीबागेतून

बडोद्याहून. आमची शाळा गुजरात बोर्डाची, गुजराती माध्यमाची, मुलगी घरी मराठी बोलते. सीबीएसईचं परिपत्रक आम्हाला लागू नाही ना? मग आमच्यासारख्यांनी काय धरायचं?

समुपदेशक_ताई

सयाजीबाग, तुमच्यासाठी जुलै २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, सुकदेव साहा विरुद्ध आंध्र प्रदेश. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी न्यायालयाने पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. कायदा होईपर्यंत ती देशभर बंधनकारक आहेत. बोर्ड कोणतंही असो, शाळा, कॉलेज, कोचिंग, वसतिगृह, सगळ्यांना. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक हवाच. रॅगिंग आणि छळाच्या तक्रारीसाठी गोपनीय व्यवस्था हवी, आणि तक्रार करणाऱ्याला मानसिक आधार. गुरुजी, तुम्ही मागितलेला माणूस निदान कागदावर तरी आला आहे.

भंवरकुआँ_रूम_४

मी खंडव्याचा, नीटची तयारी करून राहिलो. इथे हॉस्टेलमध्ये सिनिअर लोक नव्या पोरांकडून कपडे धुवून घेतात, रात्री दोनला उठवून मॅगी करायला लावतात. कॉलेजवाल्यांना यूजीसीचे २००९ चे रॅगिंगविरोधी नियम आहेत, हेल्पलाइन आहे. आम्ही ना शाळेत ना कॉलेजात. आम्हाला कोण विचारतं, मालूम नाही. तो जुलैचा निकाल आम्हालाही लागू आहे का खरंच?

समुपदेशक_ताई

लागू आहे बाळा. कोचिंग आणि हॉस्टेल दोन्हींचा उल्लेख त्यात आहे. तुझं वय अठराच्या आत असेल तर १०९८ ला फोन कर. आणि मला इथे निरोप पाठव, नाव न लिहिता चालेल. रात्रीचं उठवणं कधीपासून आहे ते सांग.

पोह्यांवर_सेव

रूम ४, परीक्षा असली-नसली तरी रविवारी सकाळी पोहे-जलेबी आमच्याकडून. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत ये. एकटा राहू नकोस.

सुदामानगरची_आई

सगळ्यांचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत. काल वकीलदादांनी सांगितलं तसं लेखी पत्र दिलं: समितीवर कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, समुपदेशक कोणत्या दिवशी असतात. पावती घेतली. प्राचार्यांनी पहिल्यांदा मला खुर्ची देऊन अर्धा तास ऐकून घेतलं. समिती आहे म्हणाले, पण नावं सांगता आली नाहीत. समुपदेशक दुसऱ्या शाखेत बसतात. व्हॅन खासगी आहे, ती आमची जबाबदारी नाही, असंही म्हणाले.

तिघांना वेगवेगळं बोलावण्याचं मान्य केलं आहे. ममा, मी स्वतःच सांगितलं की कोणालाही काढू नका. त्यांतल्या एकाची आई मला भाजीबाजारात भेटते, रडवेली झाली होती.

व्हॅनचं मात्र काय करू?

रामबागचे_गुरुजी

व्हॅनचं मी सांगतो. सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो, कारण तिथे मोठं माणूस एकच आणि त्याची नजर रस्त्यावर. चालकाला दोष देऊन उपयोग नाही. व्हॅनमधल्या सगळ्या मुलांच्या पालकांनी मिळून बसायच्या जागा ठरवा आणि महिनाभर आळीपाळीने एकेकाने सोबत जा. आजी-आजोबा आहेत ना घरोघरी! मी लोकमान्य नगरच्या एका व्हॅनमध्ये नातवासाठी असा जात असे, गाणी म्हणवून घ्यायचो. शाळा जबाबदारी नाकारते आहे त्याचा लेखी वाद नंतर घाला, मूल उद्या सकाळी त्याच व्हॅनमध्ये बसणार आहे.

आणि कायद्याबद्दल माझं मत आता असं आहे. करा. पण पहिल्या कलमात समुपदेशकाचं पद आणि त्याचा पगार कोण देणार ते लिहा, दुसऱ्यात दहा दिवस लिहा.

एडिसनकर

गुरुजी, या क्रमाला माझा पूर्ण पाठिंबा. तिसऱ्यात वाहन आणि मोबाइल घाला. शाळेबाहेर किंवा फोनवर घडलेल्या गोष्टीचा शाळेतल्या शिक्षणावर परिणाम होत असेल तर शाळेने दखल घ्यायची, हे न्यू जर्सीच्या कायद्यात आहे. स्टिकर्सचा प्रश्न त्याशिवाय सुटणार नाही.

मल्हारगंज_वकील

कायदा विधानसभेत व्हायचा तेव्हा होईल, त्यासाठी आमदारांना पत्रं लिहूच. पण एक काम आत्ता होऊ शकतं. त्याच जुलैच्या निकालात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा देखरेख समिती नेमायला सांगितली आहे. ती इंदूरमध्ये नेमली का, तिच्या बैठका होतात का, किती शाळांमध्ये समुपदेशक आहेत, एवढं विचारणारा सामूहिक अर्ज मी तयार करतो. त्यात एकाही मुलाचं किंवा शाळेचं नाव असणार नाही. कलेक्टर ऑफिसची जनसुनवाई मंगळवारी असते, मोती तबेल्याला. आत्तापर्यंत कोण कोण येतंय?

विजयनगर_ममा

मी येते. दोन्ही बाजूंच्या आया असलेल्या बऱ्या.

छत्रीबाग_८७

मी गाडी काढतो, सुदामानगर आणि रामबाग दोन्हीकडून घेत येईन. गुरुजी, पुढची सीट तुमची.

मल्हारगंज_वकील

उत्तम. साडेदहाला गेटवर भेटू. सही करणाऱ्या प्रत्येकाने आधारची झेरॉक्स आणा. अर्जाच्या दोन प्रती करतो, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही.